मुळासकट इंग्लिश

२४ ऑगस्ट, रविवार

आजपासून इंग्लिश. पक्कं.

कारण मोठं आहे. सकाळी इडली खाता खाता आमच्या किरणकुमारने सांगितलं, की त्याच्या कंपनीतली विद्याश्री नावाची मुलगी त्याला पसंत आहे आणि तिलाही तो पसंत आहे. (दुसऱ्या गोष्टीचं मला जास्त आश्चर्य वाटलं, पण बोललो नाही. म्हणजे थोडंच बोललो.) मुलीचे वडील प्रोफेसर संकर्षण. बोगादीला घर. जन्मभर कॉलेजात इंग्लिश शिकवून रिटायर झालेत. ते, त्यांच्या मिसेस वेदवती आणि मुलगी असे तिघं नवरात्रात आमच्याकडे गोंबे बघायला येणार.

ही म्हैसूरची सोय मला फार आवडते. नवरात्रात अख्खं गाव एकमेकांच्या घरी मांडलेल्या बाहुल्या बघत हिंडत असतं. त्यात हे तिघं. घर पसंत पडलं तर पुढचं बोलायचं, नाही पडलं तर ‘गोंबे छान आहेत’ म्हणून उसळ खाऊन निघून जायचं. कोणाचा अपमान नाही.

किरण म्हणत होता की त्या लोकांना एकाच गोष्टीची काळजी आहे, मोठ्या मुलीच्या सासऱ्यांचा त्यांना असा काही अनुभव आलाय की... मी त्याला तिथेच थांबवलं. पुढचं सांगायची गरजच नव्हती. मोठ्या मुलीच्या सासऱ्यांना इंग्लिश येत नसणार. प्रोफेसरांसारखा माणूस बोलणार काय त्यांच्याशी? मी ताबडतोब ओळखलं. किरण तोंड उघडून बघत राहिला. बापाची बुद्धी बघून पोरं चकित होतात ती अशी.

दुपारी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पुस्तक आणलं. कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत. बरंच झालं, प्रस्तावनेत वेळ जायला नको.

पुस्तकाचं म्हणणं असं, की शब्द पाठ करू नका, शब्दांचे तुकडे पाठ करा. पुढे चिकटतो तो प्रीफिक्स. आतलं ते रूट, म्हणजे मूळ. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं. त्यावरून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट. एक मूळ उपटलं की झाडच हातात.

पाच मिनिटांत पाच शब्द. ते मला आधीपासून येत होते हा भाग वेगळा.

२५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६

उठलो. आधी वेळापत्रक. निळ्या स्केचपेनने प्रीफिक्स, लालने रूट, हिरव्याने विश्रांती. फार सुरेख झालंय. हिरवा जरा जास्त दिसतो, पण डोळ्यांना तोच चांगला.

वेळापत्रकात सकाळ गेली. अभ्यास उद्या.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणेश चतुर्थी. प्रत्यक्ष बुद्धीची देवता घरात बसलेली असताना आपण वेगळा अभ्यास करणं म्हणजे तिच्यावर अविश्वास. सुट्टी.

३० ऑगस्ट, शनिवार. दुकानात

आज मोठा शोध लागला.

आमचं घराणं म्हैसुरातल्या मराठी रंगाऱ्यांचं. आजोबा साड्या रंगवायचे. मी कुवेंपुनगरात त्याच साड्यांना पॉलिश, रोलिंग, फॉल-पिको करतो. धंदा थोडा बदलला, डोकं तेच. म्हणून पुस्तक लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही ते मला सुचलं. रूट म्हणजे कापड आणि प्रीफिक्स म्हणजे रंग! एक कापड, दहा रंग, दहा साड्या. दहा कापडं, दहा रंग, शंभर साड्या. आजोबांना काय शंभर साड्या पाठ कराव्या लागत होत्या?

आता तीस रूट धरू. वीस प्रीफिक्स. शिवाय शब्दाच्या शेपटाला लागतात ते सफिक्स दहा. तीस गुणिले वीस गुणिले दहा. सहा हजार शब्द!!

गुणाकार दोनदा तपासला. बरोबर आहे. पाठ करायचे फक्त साठ तुकडे आणि शब्द सहा हजार. प्रोफेसरसाहेबांना स्वतःला तरी इतके येत असतील की नाही, शंका आहे. त्यांच्यापुढे सगळे एकदम काढायचे नाहीत. व्याही होणार आहेत, त्यांना कमीपणा वाटायला नको.

घरी बायकोला, सुमाला, फोन करून सांगितलं. तिने विचारलं, त्यातले आले किती? म्हटलं, पद्धत आली. तर म्हणाली, “साकु, पुरे झालं. आधी त्या जांभळ्या साडीला फॉल लावा, बाई दोनदा येऊन गेल्या.” मोठ्या शोधाच्या वेळी घरचे असंच बोलतात.

२ सप्टेंबर, मंगळवार. दुकानात

तुकडे लिहायची कार्ड संपली. पण अडणाऱ्यातला मी नाही. साड्यांना नंबर लावायच्या कापडी चिठ्ठ्या दुकानात पडूनच असतात. त्या उलट्या करून एकेक रूट लिहिलं आणि हँगरवरच्या साड्यांना टाचणीने लावलं. मोरपंखी मैसूर सिल्कला स्पेक्ट, म्हणजे बघणं. अबोलीला डिक्ट, म्हणजे बोलणं. लाल काठाच्या पांढऱ्या साडीला मिट, म्हणजे पाठवणं. येता-जाता नजर पडली की पाठ. दुकान आणि शाळा एकाच भाड्यात.

संध्याकाळी उभं राहून सगळीकडे एकदा बघितलं. डोळे भरून आले. आजोबांच्या साड्यांना एवढं शिक्षण कधी मिळालं नव्हतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

एक छोटी गोष्ट राहिली होती. नंबर.

चिठ्ठ्या उलट्या केल्यामुळे कुठली साडी कोणाची ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला गेलं. काल घाईत अबोली एका मॅडमला दिली, ती दुसऱ्याच मॅडमची होती. पहिल्या मॅडमची मोरपंखी तिसरीकडे गेली. तिसऱ्या मॅडम ती नेसून लग्नालाही जाऊन आल्या. पहिल्या मॅडम आज दुकानात येऊन इंग्लिशमध्ये बोलल्या. फार भरभर आणि बराच वेळ. सगळं कळलं नाही, पण मधे ‘रिफंड’ हा शब्द मी लगेच पकडला. री म्हणजे परत!

पद्धत चालते. प्रत्यक्ष पुरावा.

९ सप्टेंबर, मंगळवार

हुणसूरला चुलतभावाकडे श्राद्धाला जाऊन आलो. बसचा वेळ वाया का घालवा? शेजारी सभ्य गृहस्थ होते, चष्मा, हातात पिशवी. त्यांना पद्धत समजावली. सुरुवात इंग्लिशमध्ये केली, मग कन्नडवर आलो, मधे कापड आणि रंगाचं सांगताना मराठीही झालं. माणूस इतका तल्लीन, की एकदाही मधे बोलला नाही. खिडकीबाहेर बघत ऐकत होता. आणि वाटेतल्या बिळिकेरेलाच उतरला. तिकीट हुणसूरचं होतं, कंडक्टरने देताना मी पाहिलं होतं. काहीतरी घाईचं काम आठवलं असणार.

परतताना शेजारच्या बाईंनी बसल्या बसल्या कानात इअरफोन घातले. त्यांचं नुकसान.

१० सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष चालू आहे. नवीन काही सुरू करू नये. म्हणून नवीन रूट नाही, जुन्याचीच उजळणी.

उजळणी हेही एक प्रकारे नवीनच काम आहे. तेही नको.

१४ सप्टेंबर, रविवार

किरण आज मुद्दाम माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, अप्पा, ते लोक येतील त्या दिवशी तुम्ही जरा कमी बोला.

वा! पोराला माझ्या मनातलं कसं कळलं? म्हटलं, अगदी बरोबर. शब्द कमी, पण वजनदार. ऐऱ्यागैऱ्या शब्दांना त्या दिवशी तोंडातून बाहेर सोडायचंच नाही, फक्त मुळं असलेले शब्द. मग वजनदार शब्द कुठले, ते कसे ओळखायचे, प्रोफेसरांच्या कुठल्या वाक्यावर कुठला टाकायचा, हे त्याला तासभर समजावलं. मधे दोनदा तो “अप्पा, तेच सांगतोय” म्हणाला. म्हणजे पटलं. शेवटी त्याने टेबलावर डोकं टेकलं. कंपनीत फार राबवून घेतात.

रात्री जेवताना सुमाही काहीतरी सांगायला लागली, की विद्याश्रीच्या आईचं म्हणणं असं आहे की... म्हटलं, किरणशी बोलणं झालंय. काळजी करू नकोस.

२१ सप्टेंबर, रविवार. दुपारी

आज स्वतःची परीक्षा घेतली. प्रामाणिकपणे. पुस्तक मिटून.

साठ तुकड्यांतले अकरा आले. अकरा म्हणजे वाईट नाही, साडीचा काठ तरी झाला. मात्र त्यात सफिक्स एकही नाही आणि पद्धतीप्रमाणे सगळ्यांचा गुणाकार करायचा असतो. शून्याने गुणलं की उत्तर शून्य येतं. दुकानाच्या कॅल्क्युलेटरवर पाहिलं, तिथेही शून्य.

मग लक्षात आलं, गुणाकारच का? बेरीज करावी. बेरीज केली, अकरा आले. पद्धतीत एवढी लवचिकता पाहिजेच.

२२ सप्टेंबर, सोमवार

नवरात्र बसलं. आई आणि सुमाने हॉलमध्ये पायऱ्या मांडल्या, पांढरं कापड घातलं. सगळ्यात वर पट्टद गोंबे, राजा-राणीची लाकडी जोडी. सुमा लग्नात घेऊन आली ती. राजाचं नाक मी बसवलेलं आहे, कोणाला कळत नाही. खाली देव, मग वाजंत्री, मग वाण्याचं दुकान, पोलीस, क्रिकेटची टीम.

मी सुचवलं की प्रत्येक पायरीला एक प्रीफिक्स द्यावा. सगळ्यात खाली ‘सब’, मधे ‘इंटर’, वर राजा-राणीला ‘सुपर’. येणाऱ्या माणसाला घरात पाऊल ठेवताच कळलं पाहिजे की हे घर कुठल्या पातळीचं आहे. चिठ्ठी तयारच होती, राजाच्या पगडीला लावायला गेलो.

आई खुर्चीत बसून वाती वळत होती. तिथूनच म्हणाली, “अय्यो गुंडू, दुकानात चिठ्ठ्या लावून झाल्या ते पुरे नाही काय रे? आता राजाला कुठल्या बाईच्या घरी धाडतोस मत्ते?”

ऐंशी वर्षांच्या बाईला प्रीफिक्स समजावण्यात अर्थ नाही. मी समजावला. ती मधेच झोपली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आनंदाची बातमी! प्रोफेसर मंडळी रविवारी यायची होती, ती आता बुधवारी येणार, पहिली ऑक्टोबर, आयुधपूजेच्या संध्याकाळी. त्यांच्याकडे कोणी पाहुणे येतायत. किरणचा चेहरा उतरला. त्याला हे प्रकरण लवकर संपवायचं आहे. मी मात्र हॉलमध्ये एक गिरकी घेतली. तीन दिवस जास्त! रोज दोन हजार शब्द केले तरी झाले सहा हजार. म्हणजे आजपर्यंत काही केलं नसतं तरी चाललं असतं, असा याचा अर्थ. उगाच ऊर फुटेस्तोवर अभ्यास केला.

आज विश्रांती. हिरवा रंग.

२९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी १०

सरस्वतीपूजा. पाटावर घरातली पुस्तकं रचली. किरणची इंजिनिअरिंगची, आईची स्तोत्रं, दरवर्षीचंच सगळं. पण यंदा सगळ्यांच्या वर माझं! त्यावर कार्डांचे गठ्ठे, रबर लावून. त्यावर दुकानातल्या चिठ्ठ्या. त्यावर घडी घालून वेळापत्रक. गंध, अक्षता, शेवंतीचं फूल. आमच्या घराण्यात एवढी विद्या पाटावर कधी चढली नव्हती.

मन इतकं भरून आलं, की मी हात जोडून मोठ्याने संकल्प सोडला. प्रोफेसर उंबरठा ओलांडून आत आल्यापासून परत बाहेर पडेपर्यंत माझ्या तोंडून इंग्लिशखेरीज दुसऱ्या भाषेतला एक शब्द निघणार नाही. कन्नड नाही, मराठी नाही. देवी साक्षी आहे.

सुमाने विचारलं, नक्की? मी म्हटलं, शपथ. तिच्या डोळ्यांत अशी चमक मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली. किरणने तर देवीपुढे साष्टांग नमस्कार घातला. पोरगा एवढा भाविक आहे हे मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी, दुपारी ४

घोटाळा.

एकदा पाटावर ठेवलेली पुस्तकं विजयादशमीच्या सकाळपर्यंत हलवायची नसतात. वाचायचं नसतं, लिहायचं नसतं. लहानपणापासून माहीत आहे. लहानपणी तर या नेमाची मी वर्षभर वाट बघायचो. विजयादशमी गुरुवारी. प्रोफेसर बुधवारी.

आईकडे गेलो. म्हटलं, एकच गठ्ठा. ती म्हणाली, लहानपणी दसऱ्यानंतर परीक्षा असायची तेव्हासुद्धा तूच ओरडायचास, पुस्तकाला हात लावला तर सरस्वती रागावेल म्हणून. आता काय झालं? आणि पाटासमोर खुर्ची ओढून बसली. वाती वळायला.

लिहायलाही बंदी आहे, पण रोजनिशी म्हणजे लिहिणं नव्हे, नोंद. शिवाय पेन्सिलीने.

३० सप्टेंबर, मंगळवार. दुकानात

हरकत नाही. विद्या पुस्तकात नसते, डोक्यात असते. डोळे मिटून डोक्यात पाहिलं.

डोक्यात कच्च्या रंगाच्या साड्या एकत्र भिजवल्यासारखं झालंय. स्पेक्ट म्हणजे वाहून नेणं की बोलणं? ट्रान्स पुढे लागतं की मागे? परीक्षेत अकरा आले होते, आज सहा. त्यातलं एक पोर्ट आणि एक रिफंड.

दुपारी ३. सुटलो! फोन! फोनमध्ये अख्खी डिक्शनरी आहे आणि फोन काही पुस्तक नव्हे. खिशात ठेवायचा, मधे मधे हात धुवायला जायचं, बघून यायचं. सहा हजार काय, सगळं इंग्लिश खिशात. शिट्टी वाजवत दोन साड्या रोल केल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १२

आयुधपूजा. दुकानातली इस्त्री, पिकोची मशीन, रोलर, कात्र्या, सगळं धुऊन पुसून हार घातले. स्कूटरपुढे कोहळा फोडला. घरी आईने आजोबांचं रंगाचं तांब्याचं पातेलं काढून मांडलं, ते वर्षातून आजच खाली येतं. शेजारी सुमाचा मिक्सर, किरणचा लॅपटॉप.

मग आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “तुझं आयुध कुठं रे?” म्हटलं, दुकानात आहे की सगळं. ती म्हणाली, ते दुकानापुरतं, दिवसभर चालतं ते हे. आणि माझ्या वरच्या खिशातून फोन काढला. मी काही म्हणायच्या आत स्क्रीनवर कुंकवाचं बोट. पातेल्यात ठेवला. उद्या सकाळपर्यंत.

किरणने आपलाही फोन काढून आनंदाने दिला.

संध्याकाळी ५

तयारी. वेलकम. थँक्यू. यस. आणि प्री.

एवढंच आठवतंय. पुरेल. आत्मविश्वास महत्त्वाचा.

त्याच दिवशी, ते गेल्यावर

सगळं नीट लिहितो. पेन्सिलीने.

तिघं आले. मी दारात उभा. उंबरठा ओलांडताच खणखणीत आवाजात म्हटलं, “वेलकम.” प्रोफेसरांनी हात जोडले आणि हसून कन्नडमध्ये म्हणाले, आज माझं इंग्लिश बंद. जन्मभर त्याच्यावर पोट भरलं, तेच माझं आयुध, म्हणून वर्षातून एक दिवस मी त्याला पूजेत बसवतो. आज घरात सगळ्यांशी कन्नडच.

काय माणूस! असं मला का सुचलं नाही? दुसऱ्याच क्षणी घोटाळा लक्षात आला. त्यांचं इंग्लिश पूजेत, माझं इंग्लिश पूजेत, आणि माझं बाकीचं सगळं देवीकडे गहाण.

वेदवतीबाई गोंबे बघायला लागल्या. राजा-राणीची जोडी बघून विचारलं, किती जुनी? या जोडीची सगळी कथा मला येते. सुमाच्या आजीपासून राजाच्या नाकापर्यंत, नीट सांगायची तर पाऊण तास. दातांपर्यंत आली होती. गिळली. मान हलवली.

प्रोफेसर पूजेतल्या पातेल्यापाशी थांबले. मला विचारलं, तुमच्याकडे लाल रंग कसा करायचे हो? जन्मात कोणी मला हे विचारलं नव्हतं. घरातल्यांनी तर मला हे सांगू द्यायचंही बंद केलंय. आणि आज एक विद्वान माणूस आपणहून विचारतोय! मी डोळे मिटून घेतले. मंजिष्ठेची मुळं कुटण्यापासून तुरटीच्या पाण्यापर्यंत सगळं डोळ्यांपुढून गेलं. तोंड उघडलं आणि म्हटलं, “यस.”

आईने बसल्या जागेवरून सांगितलं, मुळं कुटायची, उकळायची, तुरटी घालायची, झालं. दीड तासाचा विषय एका वाक्यात! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रोफेसर माझ्याकडे बघत राहिले.

सुमाने उसळ आणली. विद्याश्री गोड मुलगी आहे, माझ्या आईशेजारी खाली बसून तिच्याकडून वात वळायला शिकली. आई मराठीत बोलत होती, ती कन्नडमध्ये, दोघींचं छान चाललं होतं. सगळेच बोलत होते. मी सोडून. निघताना मी पुन्हा “वेलकम” म्हणालो, दुसरं काही उरलं नव्हतं.

संपलं सगळं. मुलगी चांगली, माणसं चांगली, आणि मी खांबासारखा बसून राहिलो. त्यांना वाटलं असेल, हा माणूस आखडू आहे नाहीतर याला काही होतंय. किरणच्या तोंडाकडे बघवेना. तो गच्चीवर जाऊन कोणाशीतरी सुमाच्या फोनवरून बोलत होता. मी आत जाऊन पांघरूण घेतलं आणि रडलो. पोराचं लग्न मी मोडलं. इंग्लिश येत असतं तर ही वेळ आली नसती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी. सकाळी

पूजा उतरली. पुस्तक हातात आलं, उघडलं नाही. पातेल्यातून फोन काढला, कुंकू पुसतोय तोच वाजला. प्रोफेसर! मी फोन सुमाच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो.

ठरलं!! लग्न ठरलं! साखरपुडा दिवाळीनंतर, लग्न फेब्रुवारीत. किरणने त्याच्या आजीला उचलून घेतलं. मी दाराआडून बाहेर आलो आणि स्केचपेनचा डबा उधळला. सुमाला विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणाले?

सुमा सांगायला लागली, पण तिला हसू आवरेना. मग किरणने सांगितलं. म्हणजे २४ ऑगस्टचं वाक्य त्याने आज पूर्ण केलं. मी आता मधे बोलत नव्हतो म्हणून जमलं.

तर असं आहे. त्यांच्या मोठ्या मुलीचे सासरे फार बोलतात. इंग्लिश उत्तम येतं त्यांना. इतकं बोलतात, की ते आले की प्रोफेसर पेपर घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसतात. दुसऱ्या मुलीच्या वेळी त्यांना ना शिक्षण बघायचं होतं ना घर. मुलाचा बाप कमी बोलणारा हवा, एवढीच अट. किरणने त्यांना सांगून ठेवलं होतं, की अप्पा थोडेसे बोलके आहेत. ते काल गोंबे बघायला आलेच नव्हते, मला बघायला आले होते.

आणि प्रोफेसर फोनवर म्हणाले, असा व्याही भाग्याने मिळतो. तीन शब्दांत संध्याकाळ. लाल रंगाचं विचारलं तर डोळे मिटले, पूर्वजांच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आलं, पण स्वतःचं कौतुक म्हणून एक अक्षर काढलं नाही. वेदवतीबाई म्हणाल्या, आमच्या ह्यांना तुमच्याकडे इतकं शांत वाटलं, की आता दर रविवारी घेऊन येते.

दर रविवारी.

मग तिघांनी मला मधे बसवलं. किरणने माझा हात धरला. लहान असताना जत्रेत धरायचा तसा. म्हणाला, अप्पा, फेब्रुवारीपर्यंत एवढं करा. मी विचारलं, आणि लग्नानंतर? आई म्हणाली, नंतर तर ते घरचेच झाले, रोज येतील. सुमा म्हणाली, आज विजयादशमी, नवीन विद्येला आजच सुरुवात करायची असते.

मी होकार दिला. मान हलवून.

दुपारी ४

सकाळपासून गप्प आहे. सरावासाठी. घरात सगळे खूश आहेत. हॉलच्या पंख्याचा खडखड आवाज येतो हे मला आज कळलं. सुमा म्हणाली, तो चार वर्षांपासून येतोय.

आई वाती वळता वळता बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “गुंडू, तू इंग्लिश शिकायला लागलास तेव्हा मी सुम्मे, उगीच हसले रे. एवढा उपेग होईल असं वाटलं नव्हतं.”